टिकटिक थांबली तरच स्टार्टर मारा
जुन्या स्पोर्ट्‌स कारला पाजायचं काय? पेट्रोल, ऑइल आणि रंगीत बाटल्यांच्या चक्रव्यूहातून मी कशी बाहेर आले, त्याची ही गोष्ट

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेसहा. ऊन चढायच्या आत कात्रजचा घाट चढून यायचा, खाली उतरल्यावर मिसळ हाणायची आणि अकराच्या आत घरी, असा माझा साधा सरळ बेत. गॅरेजचं दार उघडलं, कव्हर काढलं, सीटमध्ये घसरले (या गाडीत बसत नाहीत, घसरतात) आणि किल्ली एक खटका फिरवली. मागच्या चाकाच्या बाजूने नेहमीचा आवाज सुरू झाला. टिक टिक टिक टिक.

हा पेट्रोल पंपाचा आवाज. म्हणजे रस्त्यावरच्या पंपाचा नव्हे, गाडीतल्या. किल्ली फिरवली की हा विजेवर चालणारा छोटा पंप टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत ढकलतो. कार्बोरेटर भरले की आपोआप गप्प बसतो. एरवी आठ-दहा वेळा टिकटिक होते आणि संपतं. त्या दिवशी मी फोनवर मैत्रिणीला ‘निघतेय गं’ असा मेसेज टाइप करत होते, त्यामुळे माझं लक्षच नव्हतं.

‘‘बंद कर! आधी किल्ली बंद कर!’’ मामा हातातला चहाचा कप तसाच घेऊन व्हरांड्यातून ओरडला.

‘‘काय झालं?’’

‘‘अगं, पंप थांबत नाहीये. म्हणजे पेट्रोल कुठंतरी जातंय.’’

बॉनेट उघडलं तेव्हा वास आधी आला आणि मग दिसलं. दोन कार्बोरेटरांना जोडणारा बोटभर लांबीचा रबरी पाइप चिरला होता आणि त्यातून पेट्रोल थेंब थेंब गळत होतं. या गाडीत कार्बोरेटरच्या बरोबर खाली एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड असतो. इंजिन थंड होतं म्हणून निभावलं. हेच अर्ध्या घाटात, मॅनिफोल्ड तापलेला असताना झालं असतं, तर पुढचं लिहायला मी कदाचित नसते.

मामा शांतपणे चहा संपवत म्हणाला, ‘‘पाइप तीनच वर्षांपूर्वी बदललाय. आधीचा वीस वर्षं टिकला होता. विचार कर.’’

मी विचार केला. नुसता विचार नाही, पुढचे दोन महिने तेच केलं.

ही बया कोण?

एमजी म्हटलं की आपल्या पिढीला २०१९ साली आलेली हेक्टर आठवते. तो ब्रँड आज एका चिनी कंपनीच्या मालकीचा आहे. पण त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यातून छोट्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्‌स कार निघायच्या. त्यातली सगळ्यात गाजलेली एमजीबी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती बनत होती आणि पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, दोन एसयू कार्बोरेटर आणि ९५ हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबाने आकडा फार नाही, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून, डोक्यावर आभाळ घेऊन चालवताना साठचा स्पीड शंभराचा वाटतो.

आमची १९७० ची. मामाने ती ऐन तारुण्यात एका मायदेशी परतणाऱ्या परदेशी साहेबाकडून घेतली आणि लग्न, नोकरी, बायपास या सगळ्यातून सांभाळली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी क्लचशी असहकार पुकारला, तेव्हा त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. अट एकच. ‘‘शोकेसमध्ये ठेवायची नाही. चालवायची.’’

आता हिंजवडीत दिवसभर कोड लिहिणाऱ्या आणि सर्व्हिस म्हणजे ॲपवर स्लॉट बुक करणं एवढंच ठाऊक असणाऱ्या मुलीने पन्नाशी उलटलेली गाडी चालवायची म्हणजे काय काय करायचं? सुरुवातीला मला वाटलं, पेट्रोल भरायचं नि ऑइल बदलायचं. त्यात काय एवढं?

ऑक्टेन वेगळा, इथेनॉल वेगळं

पाइप चिरला त्या सोमवारी मी हाफ डे टाकून नाना पेठेत गेले. तिथे आमचे मिस्त्रीकाका आहेत. मामाच्या वयाचे, हात कायम काळे आणि जीभ कायम खरी. त्यांनी चिरलेला पाइप दोन बोटांत चोळला. बोटांवर काळी शाई उतरली.

‘‘ताई, हे रबर आतून विरघळलंय. तुमच्या पेट्रोलमध्ये आता पाच भागांत एक भाग दारू असते. जुन्या रबराला ती चढते.’’

दारू म्हणजे इथेनॉल. उसाच्या मळीपासून, रसापासून आणि धान्यापासून बनणारं. देशभर पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, निवडक पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये तेच सगळीकडचं साधं पेट्रोल झालं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय पंपावर मिळावा, अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. म्हणजे ‘मला साधं पेट्रोल द्या’ या वाक्याचा अर्थच बदललाय.

आता गंमत बघा. आपण पंपावर ‘प्रीमियम’ मागतो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट असते, ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली वेळेआधी भडकू नये यासाठीची त्याची सहनशक्ती. आमच्या एमजीबीचं कॉम्प्रेशन ८.८ ला १. तिच्या काळात ब्रिटनमध्ये तिला ‘फोर स्टार’ पेट्रोल मिळायचं, साधारण ९७ ऑक्टेनचं. आपल्याकडे भारत स्टेज-२ च्या दिवसांत किमान ऑक्टेन ८८ होता. चढावर गाडी ‘टिंग टिंग’ करायची, आत कुणी डब्यात खडे हलवल्यासारखी. त्यालाच नॉकिंग म्हणतात. ते फार झालं तर पिस्टनला भोक पडतं. मामाने त्यावर इग्निशनचं टायमिंग थोडं मागे ओढून दिवस काढले. ताकद कमी झाली, पण इंजिन वाचलं.

पुढे भारत स्टेज-३ आलं आणि किमान ऑक्टेन ९१ झाला. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन तगडा असल्यामुळे ई२० चा आकडा ९५ पर्यंत गेला. म्हणजे ऑक्टेनच्या परीक्षेत आजचं साधं पेट्रोल आमच्या गाडीसाठी जवळजवळ पास आहे! प्रॉब्लेम ऑक्टेनचा उरलेलाच नाही. प्रॉब्लेम तीन वेगळ्याच गोष्टींचा आहे.

पहिली, रबर. पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली सील, सगळं इथेनॉलची सवय नसलेल्या जमान्यातलं. काही रबर फुगतं, काही कडक होऊन चिरतं.

दुसरी, पाणी. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं. गाडी रोज चालत असेल तर टाकी सतत रिकामी होत राहते आणि काही बिघडत नाही. पण आमच्यासारखी गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत कव्हरखाली झोपते. पुण्याचा पावसाळा आणि अर्धी टाकी, म्हणजे त्या रिकाम्या अर्ध्या भागात नुसती दमट हवा. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून फारकत घेतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. तिथेच पत्रा गंजतो आणि तिथूनच पंप पेट्रोल ओढतो.

तिसरी, मिश्रण. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ई२० ला साधारण साडेतेराच. नव्या गाडीत सेन्सर असतात, त्यांना हे कळतं आणि ते इंधन वाढवतात. आमच्या कार्बोरेटरला काही कळत नाही. तो आपला जुन्या मापाने देत राहतो, मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेजही थोडं उतरतं.

स्वयंपाकघरात नव्हे, अंगणात करायची टेस्ट

मग करायचं काय? तेल कंपन्यांची १०० ऑक्टेनची पेट्रोलं मोठ्या शहरांत मिळतात. पुण्यात पहिलं आलं ते डिसेंबर २०२० मध्ये. जुन्या गाड्यावाल्यांत त्याची चर्चा ऑक्टेनसाठी कमी आणि ‘त्यात इथेनॉल नसतं’ यासाठी जास्त. पण ऐकीव गोष्टीवर मामाचा विश्वास नाही. त्याने शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा शंभर मिलिलिटरचा काचेचा मोजपात्राचा नळा आणायला लावला.

टेस्ट अगदी सोपी आहे. नळ्यात १० मिलि पाणी घ्यायचं, वर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवून द्यायचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल नसेल तर खाली पाणी दहाच्याच रेषेवर बसतं. असेल तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरतं आणि रेषा वर सरकते. आमच्या साध्या पेट्रोलच्या नळ्यात ती पंचवीसच्याही वर गेली. १०० ऑक्टेनवाल्या नळ्यात जागची हलली नाही. (हे सगळं मोकळ्या अंगणात, गॅस-शेगडी, सिगरेट आणि उत्साही शेजारी यांच्यापासून लांब. आणि तो नळा पुन्हा घरात वापरायचा नाही.) आता पंप बदलला की मी टेस्टही पुन्हा करते.

‘पण ते पेट्रोल केवढं महाग!’ हा प्रश्न आईने विचारला, तुम्हीही विचाराल. आमची गाडी वर्षाला बाराशे किलोमीटर चालते. लिटरला दहाचं ॲव्हरेज धरलं तर १२० लिटर. लिटरमागे पन्नास-साठ रुपये जास्त धरले, तर वर्षाला सहा-सात हजारांचा फरक. जानेवारीत भरून फेब्रुवारीत सोडलेल्या माझ्या जिमच्या फीपेक्षा कमीच. रोज चालणाऱ्या माझ्या नव्या हॅचबॅकमध्ये मात्र हा खर्च मी मुळीच करणार नाही. ती गाडी ई२० साठीच बनलेली आहे आणि १०० ऑक्टेनने तिला पंख फुटणार नाहीत.

त्याआधी एक काम मात्र अनिवार्य होतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप बदलणं. साधा मीटरवर मिळणारा काळा पाइप नव्हे. पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेलं असतं, त्याला आतून फ्लोरो-रबरचं अस्तर असतं आणि ते इथेनॉलला दाद देत नाही. मिस्त्रीकाकांनी प्रत्येक टोकाला नवा क्लिप लावला, कार्बोरेटरच्या सुया आणि सील नव्या टाकल्या. सगळ्या पाइपांचा खर्च? दोघांचा मल्टिप्लेक्समधला सिनेमा, पॉपकॉर्नसकट. आणि एवढ्यासाठी गाडी पेटली असती!

मग ट्यूनिंग. एसयू कार्बोरेटरच्या तळाशी एक षटकोनी नट असतो. तो खाली फिरवला की मिश्रण घट्ट, वर फिरवला की पातळ. बरोबर आहे की नाही हे बघायची काकांची रीत फार सुंदर आहे. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरचा पिस्टन मिलिमीटरभराहून कमी उचलायचा आणि कान द्यायचा. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण घट्ट. पडला तर पातळ. किंचित वाढून लगेच जागेवर आला तर ‘जमलं’. लॅपटॉप नाही, सेन्सर नाही. एक बोट आणि दोन कान.

शिसं गेलं, मग आता?

जुन्या गाडीवाल्यांच्या अड्ड्यावर अर्धा तास बसलात तर कुणीतरी नक्की म्हणणार, ‘शिसं गेलं आणि पेट्रोलचा राम गेला!’ १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शोध लावला की टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये चमचाभर घातलं तर नॉकिंग थांबतं. पुढची पन्नास-साठ वर्षं जगभर तेच चाललं. त्याचा एक आडून फायदाही होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या सीटवर आपटतो, तिथे शिशाचा पातळ थर बसायचा आणि लोखंडाची झीज रोखायचा.

पण तेच शिसं धुरातून हवेत आणि मुलांच्या रक्तात जात होतं. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये संपलं. मामासारखा एमजीप्रेमीही यावर म्हणतो, ‘‘गेलं ते बरंच झालं.’’

मग व्हॉल्व्हचं काय? मऊ लोखंडी सीट असलेलं हेड असेल आणि गाडी तासन्‌तास भरधाव चालवली, तर सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातो. लक्षण सोपं आहे. टॅपेटची फट वाढायच्या ऐवजी कमी होत जाते. आमच्या गाडीत थंड इंजिनावर ती ०.०१५ इंच हवी. दर तीन-चार महिन्यांनी फिलर गेजने मोजून वहीत लिहायची. आकडा हलत नसेल तर काळजी नको. हलत असेल तर खरा इलाज एकच, हेड उतरवून एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घेणं. मामाने ते २००१ मध्येच करून ठेवलं होतं. ज्यांनी केलेलं नाही, त्यांच्यासाठी पोटॅशियम, मँगनीज किंवा फॉस्फरसवर आधारलेली लेड-सबस्टिट्यूट ॲडिटिव्ह मिळतात. नियम एवढाच, एक निवडली की तीच. आज ही, उद्या ती, असं मिसळायचं नाही.

माझा सगळ्यात महागडा शहाणपणा

आता माझ्या चुकीबद्दल. गाडी ताब्यात आली त्या पहिल्याच महिन्यात मी मामाला न सांगता ऑइल बदलून घेतलं. माझ्या हॅचबॅकला घालते तेच घातलं, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०. महाग, म्हणजे चांगलं, हे आपलं कॉर्पोरेट गणित!

शहरात काही कळलं नाही. पण हायवेवर वीस किलोमीटर गेल्यावर ऑइल प्रेशरचा काटा बघून मामा गप्प झाला. (तो गप्प झाला की समजायचं.) या इंजिनाला तापल्यावर, पळताना, ५० ते ८० पीएसआय प्रेशर हवं. काटा तिशीच्या खाली होता. घरी आल्यावर फरशीवर ऑइलचे तीन नवे डागही पडले.

कारण अगदी साधं आहे. २०डब्ल्यू-५० मधला शेवटचा आकडा तापलेल्या ऑइलचा घट्टपणा सांगतो. या इंजिनाची बेअरिंगं आणि त्यातल्या फटी ५० च्या हिशेबाने बनल्यात आणि पन्नास वर्षांत त्या आणखी सैल झाल्यात. ३० चं पातळ ऑइल त्यातून निसटतं आणि प्रेशर टिकत नाही. नव्या गाडीत फटी बारीक असतात, तिथे तेच पातळ ऑइल अमृत. म्हणजे ऑइल वाईट नव्हतं. मी ते चुकीच्या इंजिनात ओतलं होतं.

दुसरा मुद्दा झेडडीडीपीचा. नाव घाबरवणारं आहे, पण हे फक्त जस्त आणि फॉस्फरसचं झीज रोखणारं संयुग. एमजीबीच्या कॅमशाफ्टवर सपाट तळाचे टॅपेट घासत असतात आणि त्या घासण्यात पातळ कवच म्हणून झेडडीडीपी उभं राहतं. नव्या गाड्यांत फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून एपीआय एसएम, एसएन वगैरे नव्या दर्जांत त्याच्यावर ०.०८ टक्क्याची मर्यादा आली. यावरून ‘नवं ऑइल जुन्या गाडीचं विष’ अशी आवई उठली. पण ही मर्यादा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडनाच लागू आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. त्यामुळे डब्यावर ‘एसएन’ दिसलं म्हणून पळून जायची गरज नाही. ग्रेड बघा आणि कंपनीच्या डेटा शीटमध्ये फॉस्फरसचा आकडा बघा. ०.१० टक्क्याच्या आसपास असेल तर उत्तम. फार जास्तही नको, अतिरेकानेही झीजच होते.

आणि आपण नशीबवान आहोत. जुन्या बुलेटचं लोखंडी इंजिन २०डब्ल्यू-५० च पितं, त्यामुळे हे साधं मिनरल ऑइल आपल्याकडे सहज मिळतं. आमच्या गाडीला सव्वाचार लिटर लागतं. दर पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी होईल तेव्हा, फिल्टरसकट बदलायचं. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही हेच इंजिन ऑइल चालतं. मागच्या डिफरन्शियलला मात्र ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल. आणि कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या छोट्या डॅम्परमध्ये वीस नंबरचं चमचाभर. ते संपलं की गाडी पिकअपला अडखळते आणि लोक उगाच इग्निशनवर हजारो रुपये उडवतात.

बाटलीत काय, लेबलात काय

ॲडिटिव्हच्या दुकानात गेलात तर काउंटरवर लाल, निळ्या, सोनेरी बाटल्यांची रांग असते. अगदी कॉस्मेटिक्सच्या काउंटरसारखी. आणि भाषाही तीच. इंजिन तरुण करा! ताकद वाढवा! मी पहिल्या वर्षी चार बाटल्या घेतल्या. आता माझ्या कपाटात एकच उरलीय. कुठली, ते सांगते.

ऑक्टेन बूस्टर: आमच्या गाडीला ९५ च्या वरचं पेट्रोल मिळतंय, मग कशाला? गरजेपेक्षा जास्त ऑक्टेनने ताकद वाढत नाही.

टेफ्लॉनवाली किंवा ‘इंजिन ट्रीटमेंट’ची ऑइलमध्ये घालायची बाटली: नको. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात अशा उत्पादनांच्या झीज कमी करण्याच्या दाव्यांवर कारवाई केली होती. चांगल्या ऑइलमध्ये लागतं ते सगळं मोजून घातलेलं असतं. वरून ओतलं की ते गणित बिघडतं.

पेट्रोलमध्ये टूटी ऑइल: मामाची जुनी सवय. ‘वरच्या सिलिंडरला वंगण.’ पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की ऑक्टेन उतरतो आणि प्लगवर काजळी बसते. मामाला हे मी दाखवून दिलं, प्लग काढून. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी टूटीची बाटली शेजारच्याच्या जुन्या स्कूटरला दान केली.

गंज रोखणारं इथेनॉल ॲडिटिव्ह: हीच ती उरलेली बाटली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये ई१० हे साधं पेट्रोल झालं, तेव्हा तिथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने अशा ॲडिटिव्हच्या चाचण्या करून घेऊन काहींना पसंती दिली. ही धातूला गंजापासून वाचवतात. पण नीट ऐका, ती रबर वाचवत नाहीत आणि पातळ मिश्रण घट्ट करत नाहीत. प्रवासात ई२० भरावंच लागलं तर मी ती मापाने घालते. बाटली म्हणजे पाइप बदलण्याला पर्याय नव्हे.

पर्समध्ये ठेवायची चिठ्ठी

• आधी पाइप, मग पेट्रोल, मग बाटली. क्रम बदलू नका.
• एकच पेट्रोल ठरवा आणि कार्बोरेटर त्याच्यावर ट्यून करा.
• पावसाळ्याआधी ई२० टाकीत ठेवू नका. इथेनॉल नसलेलं पेट्रोल काठोकाठ भरा.
• ऑइल २०डब्ल्यू-५०. किंमत नाही, ग्रेड बघा.
• टॅपेटची फट वहीत लिहा.
• डिकीत ड्राय पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर. यात घासाघीस नाही.
• गाडीला पन्नास वर्षं झाली असतील तर २०२१ च्या व्हिंटेज नियमांखालची नोंदणी समजून घ्या. या नोंदणीच्या गाडीला रोज ऑफिसला नेता येत नाही, पण रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यासाठी रस्त्यावर आणता येते.

पुन्हा रविवार

कात्रजचा बेत अखेर ऑक्टोबरमध्ये जमला. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर अजून हिरवे. मामा शेजारच्या सीटवर, डोक्यावर त्याची जुनी चेक्सची टोपी. आई दारात उभी. मे महिन्यात ‘विकून टाका ती एकदाची’ म्हणणारी तीच आई, या वेळी डबा घेऊन.

मी किल्ली एक खटका फिरवली. फोन पर्समध्ये होता. टिक टिक टिक टिक... आम्ही दोघंही मोजत होतो. नऊ. आणि शांतता.

दोन मिनिटं तशीच थांबले. खाली उतरून बॉनेट उघडलं, प्रत्येक क्लिपवर बोट फिरवलं. कोरडं. वासही नाही.

‘‘काय म्हणतेस?’’ मामाने विचारलं.

‘‘निघू या,’’ मी म्हटलं आणि स्टार्टर मारला.

घाटात तिसऱ्या गिअरमध्ये काटा साठ पीएसआयवर होता. टिंग टिंग नाही, अडखळणं नाही. वरच्या वळणावर मामाने टोपी हातात धरली, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि बऱ्याच वेळाने एवढंच बोलला, ‘‘परतीला मी चालवू का थोडी? सपाटीवर. गुडघा आज बरा आहे.’’

मिसळ खाऊन झाल्यावर मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. पहिला खटका त्यानेच फिरवला आणि बोट वर करून मला गप्प राहायची खूण केली.